जुन्या मोटारीवरची धूळ : वाहनसफाईचा इतिहास आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासक्रमात मोटारगाडी येते ती बहुधा औद्योगिकीकरणाच्या प्रकरणात. कारखाना कोणी काढला, परवाना कोणाला मिळाला, सरकारचे धोरण काय होते, एवढी माहिती झाली की प्रकरण संपते. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर गाडीचे पुढे काय झाले, ती कोणी धुतली, तिचा रंग किती वेळा बदलला, आणि शेवटी ती कोणत्या शेडमध्ये किंवा कोणत्या चिंचेखाली पडून राहिली, हा भाग पुस्तकात येत नाही. या पाठात आपण तोच भाग घेणार आहोत. वर्षानुवर्षे दुर्लक्षित पडलेले वाहन स्वच्छ करून पुन्हा उजळवणे ही आज हौसेची आणि व्यवसायाची बाब झाली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे: आपण जे पुसून टाकतो आहोत, ती घाण आहे की पुरावा?

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर एक उदाहरण पाहू. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला एका लिलावात पश्चिम फ्रान्समधल्या एका घराच्या आवारात दशकानुदशके पडून असलेल्या ५९ जुन्या गाड्या विकल्या गेल्या. हा संग्रह बेयाँ संग्रह म्हणून ओळखला जातो. त्यातली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. लिलावगृहाने ती धुतली नाही. अंगावरच्या धुळीसकट तिला मंचावर आणले आणि ती १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. ज्या धुळीबद्दल आपल्या घरी बोलणी खावी लागतात, तीच धूळ तिथे गाडीच्या अस्सलपणाची साक्ष ठरली. हा बाजाराचा लहरीपणा आहे असे म्हणता येईल, आणि काही अंशी ते खरेही आहे. पण त्यामागे विचारांची सुमारे पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. तिच्याकडे वळण्याआधी वाहनाचा पृष्ठभाग म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे.

बग्गीपासून मोटारीपर्यंत : वॉर्निशचा काळ

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरचा रंग बग्गीचाच होता. घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांनीच पहिल्या मोटारी रंगवल्या. लाकडावर आधी शिशाच्या संयुगाचा अस्तर-रंग, मग भराव, तो प्यूमिस दगडाने घासून सपाट करायचा, मग रंगाचे हात आणि शेवटी डिंकासारख्या राळेपासून केलेल्या तेल-वॉर्निशचे अनेक हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबावे लागे, त्यामुळे एका चांगल्या बग्गीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. असा पृष्ठभाग सुंदर असे, पण नाजूकही असे. चिखल वाळू देऊ नये, कारण वाळलेला चिखल पुसला की वॉर्निशवर ओरखडे पडतात. भरपूर गार पाणी सोडून तो विरघळू द्यावा आणि शेवटी शॅमॉय कातड्याने पाणी टिपून घ्यावे, अशी रीत होती. बग्गीची खोली तबेल्याला लागून नसावी, हाही त्याच काळातला नियम. लीद आणि मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाच्या वाफेने वॉर्निश मंद पडते, हे कोचवानांना अनुभवाने ठाऊक होते.

म्हणजे सफाईचे नियम पृष्ठभागाच्या रसायनावरून ठरतात. हे सूत्र पुढेही लागू पडते. गाडीच्या अंगावर कोणत्या काळातला रंग आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. आणि तो रंग कोणत्या काळातला हे ओळखणे म्हणजे इतिहासाचेच काम.

हेन्री फोर्डने आठवड्यांच्या या वाट पाहण्यावर एक उपाय काढला. मॉडेल टी या गाडीचे उत्पादन १९०८ ते १९२७ या काळात झाले आणि तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या. त्यांतली १९१४ ते १९२५ पर्यंतची गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. भट्टीत भाजता येणारा डांबरवर्गीय काळा जपान-रंग लवकर वाळे, टिकाऊ होता आणि स्वस्त पडे. साखळी पद्धतीच्या उत्पादनाला असाच रंग हवा होता. गाडीचा काळा रंग हा अशा रीतीने कामगाराच्या हाताला किती वेळ मिळतो याचा पुरावा आहे. संग्रहालयातल्या मॉडेल टीकडे पाहताना हे लक्षात ठेवावे.

ड्युको आणि पॉलिशची गरज

मोठा बदल १९२० च्या दशकात आला. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून फवारता येईल असा रंग तयार केला. त्याचे व्यापारी नाव ड्युको. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर १९२४ च्या मॉडेलसाठी तो पहिल्यांदा वापरात आला, आणि तोही निळा. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. पहिल्या महायुद्धात स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांकडे या रसायनाची मोठी क्षमता तयार होती आणि शांततेच्या काळात तिला गिऱ्हाईक हवे होते. आठवड्यांचे रंगकाम दिवसांवर आले आणि रंगीत गाडी सामान्य मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली.

या रंगात एक खोट होती. फवारून वाळल्यावर त्याला आपोआप चकाकी येत नसे, ती घासून आणावी लागे. बारीक अपघर्षक असलेले पॉलिश हातात आले ते इथून. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून झडणारे कार्नोबा मेण त्यावर संरक्षक थर म्हणून आले. आज जिला डिटेलिंग म्हणतात त्या कामाचा गाभा हाच: घासणे आणि मेण लावणे. यंत्रे बदलली, डब्यांवरची नावे बदलली.

आपल्याकडे ड्युको हे विशेषनाम सामान्यनाम झाले. आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असे विचारतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मोटार-रंगाचे नाव त्याच्या तोंडी असते. भाषेत जपला गेलेला हा पुरावा कुठल्याही पॉलिशने पुसला जाणार नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३० च्या दशकापासून अल्किड राळेचे इनॅमल आले. आपल्या ट्रकांवरचे सिंथेटिक इनॅमल त्याच घराण्यातले. १९५० च्या दशकात ॲक्रिलिक लॅकर आले. १९८० नंतर जगभर खालचा रंगीत थर आणि त्यावर पारदर्शक थर अशी दुहेरी पद्धत रूढ झाली. जुन्या गाडीवर बहुधा एकाच थरात रंग आणि चकाकी दोन्ही असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी राळ तुटते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. ओलसर पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन दाराच्या आतल्या कडेला घासले आणि कापडावर गाडीचा रंग उतरला, तर ती एकथरी आहे असे समजावे. थिनरचा बोळा लावून रंग विरघळला तर तो लॅकर आहे. इनॅमल विरघळत नाही, फार तर फुगते किंवा सुरकुतते. अशा दोन साध्या चाचण्यांनी गाडीच्या अंगावरच्या रंगाचा काळ सुमारे ठरवता येतो.

टंचाईने जपलेली गाडी

भारतात जुन्या गाड्या इतक्या वर्षे का टिकल्या, याचे कारण आपण लोक काटकसरी आहोत असे सांगितले जाते. हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे धोरणात सापडते.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डनेही जोडणीचा उद्योग भारतात आणला. १९४० च्या दशकात हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या देशी कंपन्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनुसार सरकारने ठरवले की ज्यांना इथे टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवायची नाही, त्या केवळ जोडणी करणाऱ्यांना जागा नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी कंपन्या निघून गेल्या. पुढची तीन दशके ग्राहकापुढे प्रामुख्याने दोन गाड्या होत्या: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याची फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची, मग गाडी मिळायची. बजाज स्कूटरचीही तीच गत.

जी वस्तू मिळायला इतकी वर्षे लागतात ती टाकून कोण देईल? त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगची गल्ली प्रत्येक शहरात तयार झाली. दिल्लीत करोल बाग, मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास आणि कुर्ल्यात सुट्या भागांचे बाजार भरले. सडलेला पत्रा कापून नवा डकवायचा, लांबी भरायची, घासायची, वर रंग मारायचा. वीस वर्षे जुन्या अँबेसेडरच्या अंगावर चार-पाच रंगकामांचे थर सहज सापडतात. एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात अगदी बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, रुपयाएवढी जागा उतरती घासत नेली की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे हे थर दिसतात. मूळचा पांढरा, त्यावर कोण्या सरकारी खात्याचा, लिलावात विकल्यावर टॅक्सीचा काळा-पिवळा, आणि वर शेवटच्या मालकाचा लाल. उत्खननात थर मोजतात तसेच हे. अनेक हौशी लोक ही रुपयाएवढी जागा घासण्याआधीच सगळी गाडी ‘पत्र्यापर्यंत’ खरवडून टाकतात, आणि तिथेच तो इतिहास संपतो.

सफाई कोण करत होते?

मराठीत, आणि भारतातल्या बहुतेक भाषांत, ‘क्लीनर’ हा शब्द वस्तूसाठी वापरत नाहीत, माणसासाठी वापरतात. ट्रकवरचा क्लीनर म्हणजे चालकाचा मदतनीस. तो काच पुसतो, चाकाखाली उटी लावतो, मागे घेताना दांडक्याने पत्रा बडवून ‘आने दो’ म्हणतो, धाब्यावर गाडी धुतो आणि चालक झोपला की सामानावर पहारा ठेवतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामगाराची व्याख्या करताना चालक आणि वाहक यांच्याबरोबर क्लीनरचा स्वतंत्र उल्लेख आहे. या कायद्याने कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुटी ठरवली. रस्त्यावर प्रत्यक्षात काय चालते ते हायवेवर रात्र काढलेल्या कोणालाही विचारावे. शिकाऊ म्हणून लागलेला पोरगा पुढे चालक होई, त्यामुळे क्लीनरची जागा ही पगाराची कमी आणि उमेदवारीची जास्त होती.

शहरात हेच काम पहाटे बादली आणि फडके घेऊन सोसायटीच्या आवारात फिरणाऱ्या माणसाकडे आले. वाहनांच्या इतिहासात मालकांची नावे मिळतात, कारखानदारांची मिळतात. पुसणाऱ्यांची मिळत नाहीत. त्यांच्या हाताची खूण मात्र गाडीवर असते. उजव्या हाताने पुसणाऱ्याची गोल वळणे बॉनेटवर उन्हात स्पष्ट दिसतात आणि ड्रायव्हरच्या दाराखालचा रंग रोजच्या फडक्याने इतर भागांपेक्षा आधी उडतो.

वर्षातून एकदा मात्र ही सफाई विधी बनते. दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतात. दक्षिणेत आयुधपूजेला आणि बंगालमध्ये सप्टेंबरातल्या विश्वकर्मापूजेला एसटी-आगारापासून रिक्षातळापर्यंत हेच चालते. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर हळदकुंकवाचे वाळलेले डाग असतात. रसायनाच्या भाषेत तो डाग आहे. इतिहासाच्या भाषेत ती कोणत्या घरातली गाडी होती याची नोंद आहे. तो डाग काढताना निदान छायाचित्र घेतलेले असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

पंधरा-वीस वर्षे पडून राहिलेल्या गाडीवर काय काय असते

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा, एक फियाट पावसाळ्यांमागून पावसाळे झाडाखाली उभी आहे. वर ताडपत्री आहे, आणि बहुतेकांना वाटते की तिने गाडी वाचवली. उलट घडते. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, धूळ ओलावा धरून ठेवते आणि पत्रा वरून पाऊस लागण्यापेक्षा आतून जास्त सडतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती पानांच्या कुजक्याने बुजतात आणि दार पाण्याची टाकी होते. समुद्राकाठच्या गावात यात खारी हवा मिळते.

गाडीखाली मात्र वेगळेच दृश्य असते. आपल्याकडे ‘वॉशिंग-ग्रीसिंग’ करून घेताना शेवटी चासीवर तेलाचा फवारा मारण्याची पद्धत होती. त्या तेलावर रस्त्याची धूळ बसे, पुन्हा फवारा, पुन्हा धूळ. वीस वर्षांत त्याची अर्धा इंच जाडीची काळी खपली तयार होते. हात लावायलाही नको वाटावी अशी ही खपली, पण तिच्याखालचे पोलाद अनेकदा नव्यासारखे असते. उत्साहाने रॉकेल आणि ब्रश घेऊन ती काढली आणि वर लगेच संरक्षक रंग दिला नाही, तर पहिल्याच पावसात त्या पोलादावर गंज धरतो. घाणीने धातू वाचवला आणि स्वच्छतेने घालवला, असे इथे अक्षरशः होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पाणी सर्वांत शेवटी. आधी गाडी आहे तशी सर्व बाजूंनी छायाचित्रित करावी. मग आसनांखाली, गालिच्याखाली, दारांच्या खिशांत पाहावे. तिथे पेट्रोलच्या पावत्या, टोलच्या चिठ्ठ्या, चलनातून गेलेली नाणी, देवळाच्या प्रसादाचा कागद अशा वस्तू सापडतात. पावतीवरची तारीख गाडी शेवटची कधी चालली ते सांगते. नोंदणी क्रमांकाची पाटी उतरवून टाकू नये. मोटार वाहन कायदा १९८८ लागू झाल्यानंतर आजची पद्धत, म्हणजे राज्याची दोन अक्षरे, मग जिल्ह्याचा क्रमांक, रूढ झाली. त्याआधीची तीन अक्षरे आणि चार आकडे असलेली पाटी असेल तर गाडीची मूळ नोंदणी त्या आधीची आहे हे नुसते बघूनच कळते. चासीवरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. अतिजुन्या गाड्यांच्या पितळी दिव्यांवर बनवणाऱ्याचे नाव उथळ कोरलेले असे. पिढ्यान्पिढ्या चिंच, राख आणि ब्रासो लावून लावून कित्येकांवरची ती नावे झिजून सपाट झाली आहेत.

मग कोरडी सफाई: मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. त्यानंतर कमी दाबाचे पाणी आणि सौम्य साबण, दोन बादल्या, एकीत साबण, दुसरीत फडके खळबळायला, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर घासली जात नाही. रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके काढायला आता मातीसारखी मऊ वडी वापरतात, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधून जगभर गेली. पॉलिश त्यानंतर, आणि तेही बेताने. एकथरी रंग प्रत्येक पॉलिशला थोडा थोडा निघून जातो. कडांवर आणि बॉनेटच्या घडीवर तो आधीच पातळ असतो, तिथे यंत्र चालवले की खालचा अस्तर-रंग उघडा पडतो आणि मग परतीचा मार्ग नसतो. क्रोमवर साधारणतः १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा मुलामा, त्याआधी निकेलचा. दोन्ही पातळ, दोन्हींना ॲसिड वर्ज्य.

एक इशारा इथे देणे भाग आहे, कारण विद्यार्थी हे काम उत्साहाने हाती घेतात. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांत आणि तांबड्या अस्तरात, शिसे असते. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला ती कशी लागू होणार? कोरडे घासू नये, पाण्याने घासावे, चांगला मास्क वापरावा, आणि तो चिखल गटारात सोडू नये. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ब्रेकच्या ड्रममधली भुकटी हवेच्या नळीने उडवण्याची गॅरेजमधली सवय घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपावी. गल्लीतल्या ज्या कारागिरांनी आपल्या गाड्या चाळीस वर्षे चालत्या ठेवल्या, त्यांनी ही भुकटी विनामास्क श्वासातून घेतली, हेही टंचाईच्या त्या इतिहासातच मोडते.

खरवडावे की जपावे : एक जुना वाद

१८४९ मध्ये जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने इमारतींच्या जीर्णोद्धारावर कडाडून टीका केली. गेलेले परत आणण्याचा दावा करणारा जीर्णोद्धार हा त्याच्या मते वास्तूचा सर्वनाश होता. त्याचा विचार पुढे नेत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून ‘मूळ’ दगड काढण्याची तेव्हा लाट होती, त्यामुळे या संस्थेचे टोपणनावच ‘खरवडविरोधी’ असे पडले. १९०३ मध्ये ऑस्ट्रियन कलेतिहासकार ॲलोइस रीग्ल याने वस्तूच्या ऐतिहासिक मूल्याहून वेगळे असे ‘वयाचे मूल्य’ मांडले. वस्तूवर काळाने केलेल्या खुणा स्वतःच मोलाच्या असतात, असे त्याचे म्हणणे. भारतात पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांची १९२३ ची संवर्धन-पुस्तिका याच दिशेची आहे: पडलेले नव्याने घडवण्यापेक्षा उरलेले टिकवा.

मोटारींच्या जगाला हा विचार पटायला वेळ लागला. बराच काळ जुन्या गाडीचे आदर्श रूप म्हणजे ‘शोरूममधून आल्यासारखी’ गाडी होती, आणि स्पर्धांत बक्षिसेही तिलाच मिळत. अनेकदा ती कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही चकचकीत असे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये तूरिन सनद स्वीकारली. त्यात जतन, संवर्धन, पुनर्स्थापना यांत फरक केला आणि शक्यतो कमीत कमी हस्तक्षेपाचा आग्रह धरला. त्याच्या तीन वर्षे आधी स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे सरोवराच्या तळातून १९२५ ची एक बुगाटी वर काढली होती. अर्धीअधिक गंजून गेलेली ती गाडी कॅलिफोर्नियातल्या संग्राहकाने विकत घेतली आणि दुरुस्त न करता तशीच प्रदर्शनात मांडली.

व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात तर हा प्रश्नच उपस्थित होत नाही. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड ज्या गाडीत बसला होता ती ग्रेफ अँड श्टिफ्ट गाडी तिथे आहे, पत्र्यातल्या गोळीच्या छिद्रासकट. ते छिद्र कोणी लांबी भरून बुजवले असते तर?

दोन भारतीय उदाहरणे

व्हिएन्नाचे उत्तर सोपे आहे, कारण तिथे एकच क्षण महत्त्वाचा आहे आणि त्याची खूण वस्तूवर उमटलेली आहे. कोलकात्याच्या एल्गिन रोडवरच्या नेताजी भवनात उभी असलेली जर्मन वाँडरर गाडी अवघड उदाहरण आहे. १९३७ ची ही चार दारांची गाडी, क्रमांक बीएलए ७१६९. १६ आणि १७ जानेवारी १९४१ च्या मधल्या रात्री सुभाषचंद्र बोस नजरकैदेतून निसटले ते या गाडीतून. पुतणे शिशिरकुमार बोस गाडी चालवत होते. धनबादजवळ थांबून त्यांनी त्यांना गोमो स्थानकावर पोहोचवले. पुढे ही गाडी स्मारक म्हणून मांडली गेली. वाँडरर ही १९३२ मध्ये एकत्र आलेल्या चार कंपन्यांपैकी एक, आणि आजची ऑडी त्या समूहाची वारस. ऑडीच्या मदतीने गाडीची पुनर्स्थापना झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. गाडीला १९४१ चे रूप देणे हा उद्देश होता.

माझ्या मते स्मारक म्हणून हा निर्णय समर्थनीय आहे. त्या घरात येणाऱ्या शाळकरी मुलाला त्या रात्रीची गाडी दिसली पाहिजे. पण इतिहासकाराने हे लक्षात ठेवावे की असा निर्णय घेताना १९४१ हे वर्ष निवडले जाते आणि त्यानंतरची पाऊणशे वर्षे बाजूला ठेवली जातात. पलायनाच्या रात्री या गाडीत काही खास खूण उरली नाही. उरले नाही यातच त्या योजनेचे यश होते. म्हणून व्हिएन्नासारखा पुरावा इथे पत्र्यावर शोधता येत नाही. तो आठवणींत आणि कागदांत आहे.

रेल्वेचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. फेअरी क्वीन हे वाफेचे इंजिन १८५५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बनले. १९०९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते हावडा स्थानकाबाहेर दशकानुदशके चौथऱ्यावर उभे होते आणि १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले. १९९७ मध्ये ते पुन्हा रुळावर आले, दिल्लीहून अलवरकडे पर्यटकांना घेऊन धावले, आणि चालू स्थितीतले जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेसच्या नोंदीत गेले. २०११ मध्ये उभ्या जागी त्याचे सुटे भाग चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात त्याची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. इंजिन धावते ठेवायचे तर भाग बदलावेच लागतात. धावणे हाच त्याचा इतिहास मानला, तर बदललेला प्रत्येक भाग त्या इतिहासात बसतो. मूळ धातू हा इतिहास मानला, तर प्रत्येक फेरीला तो थोडा झिजतो. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे उभी आहेत.

कायदा काय म्हणतो

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठा फेरफार न केलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन यात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कामांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द आता कायद्यात आले. चार रंगकामे झालेल्या अँबेसेडरचे मूळ स्वरूप कोणते? कारखान्याचा पांढरा, की टॅक्सीचा काळा-पिवळा, ज्यात तिने आयुष्यातली बहुतेक वर्षे काढली?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीरपणे सुरू झाले. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता त्यामागचे कारण योग्य आहे. पण दोन नियम शेजारी ठेवले की मधली पोकळी दिसते. पंधरा वर्षांनंतर गाडीला भंगाराची वाट दाखवली जाते आणि पन्नाशीनंतर तिला वारसा म्हणतात. मधली पस्तीस वर्षे ती कोणाच्या आधारावर काढायची, हे मालकाच्या हौसेवर आणि ऐपतीवर सोडलेले आहे. परिणामी वारसा म्हणून उरतील त्या प्रामुख्याने संस्थानिकांच्या आणि उद्योगपतींच्या गाड्या. दिल्लीत १९६४ पासून चालत आलेल्या स्टेट्समन रॅलीतल्या गाड्यांची यादी पाहिली तरी याचा अंदाज येतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. अशी एखादी टॅक्सी आज कोणाच्या तरी आवारात, छतावरच्या सामानाच्या कॅरिअरसह, टपाच्या आतल्या फुलाफुलांच्या रेक्झिनसह, डाव्या बाजूच्या लोखंडी मीटरसह उभी असेल, तर तिला ‘व्हीए’ पाटी मिळण्याची पात्रता २०५३ च्या ऑक्टोबरात येईल. तोपर्यंत तिच्यावर धूळ बसत राहील, आणि ती पहिल्यांदा पुसणारा माणूस आधी मीटर काढून भंगारात टाकतो की आधी छायाचित्र घेतो, यावर तिच्याबद्दल पुढे काय लिहिता येईल ते ठरेल.